निकालाच्या अलीकडे आणि पलीकडे

कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेत न्यायाधीशांच्या पगाराविषयी एक तरतूद आहे. प्रकरण निकालासाठी बंद झाल्यावर ९० दिवस उलटले आणि तरीही निर्णय लागला नाही, तर ते हातावेगळे होईपर्यंत त्या न्यायाधीशाला पगार घेता येत नाही. ही तरतूद नुसती शोभेची नाही. आपल्याकडे ९० दिवसांहून जुने काही पडून नाही असे प्रतिज्ञापत्र दिल्याशिवाय पगार निघत नाही. भारतात राखून ठेवलेले निकाल महिनोन्‌महिने येत नसत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये अनिल राय विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात मार्गदर्शक सूचना द्याव्या लागल्या. सहा महिने निकाल आला नाही तर पक्षकाराने मुख्य न्यायमूर्तींकडे अर्ज करून प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यायला सांगावे, असा त्यांतला शेवटचा उपाय आहे. कॅलिफोर्नियाने पक्षकाराला अर्ज करायला न लावता थेट न्यायाधीशाच्या खिशाला हात घातला.

अमेरिकेतल्या राज्यांच्या अपील न्यायालयांवरच्या या लेखनाची सुरुवात पगाराच्या कलमाने करण्याचे कारण आहे. हे ९० दिवस तोंडी युक्तिवाद संपला की धावू लागतात. युक्तिवादानंतर फाईल उघडायची, नोंदी वाचायच्या, कायदा शोधायचा आणि मग लिहायला बसायचे, हे एवढ्या मुदतीत जमणारे काम नव्हे. तेव्हा न्यायालयांनी कामाचा क्रमच उलटा केला. आधी वाचन, मग मसुदा आणि सर्वांत शेवटी युक्तिवाद. वकील उभा राहून ‘मे इट प्लीज द कोर्ट’ म्हणतो, त्या वेळी समोरच्या तीन न्यायमूर्तींच्या हाताशी बहुधा निकालाचा कच्चा मसुदा तयार असतो. तो आपल्या बाजूचा की विरुद्ध, हे बोलणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. तोंडी युक्तिवाद हा मसुदा हलवण्याचा शेवटचा प्रयत्न असतो. निकालानंतरची सगळी कार्यपद्धती, म्हणजे फेरसुनावणी, वरच्या न्यायालयाचा दरवाजा, निकाल प्रसिद्ध करणे वा न करणे, हाही त्याच मजकुराला सही झाल्यावर हात लावण्याचा प्रयत्न असतो. म्हणून या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत हे दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत. पाठ्यपुस्तकांत ते सहसा वेगळे ठेवतात आणि त्यामुळे दोन्ही नीट कळत नाहीत असे माझे मत आहे.

अमेरिकेतले न्यायालय म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टनची नऊ न्यायमूर्तींची संगमरवरी इमारत येते. तिथे पोचणारी प्रकरणे मात्र मूठभर असतात. फ्रिमाँट, सनीवेल किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व संघराज्याच्या हाती असते. घटस्फोट, मुलांचा ताबा, घराची खरेदी, भाडेकरार, वारसा, रस्त्यावरचा अपघात आणि बहुतेक सगळे फौजदारी खटले राज्याच्या न्यायालयात चालतात. ५० राज्यांच्या न्यायव्यवस्था एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात प्रत्येक राज्याचे सर्वोच्च न्यायालय अंतिम असते. त्या बाबतीत वॉशिंग्टनलाही त्याच्यावर शब्द नाही.

त्यांच्या रचनेत एकसारखेपणा शोधू नये. बहुतेक राज्यांत खाली विचारण न्यायालय, मध्ये अपील न्यायालय आणि वर सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या आहेत. मेन, व्हरमाँट, मोंटाना, वायोमिंग यांसारख्या राज्यांत मधली पायरीच नाही. टेक्सासमध्ये दोन सर्वोच्च न्यायालये आहेत, दिवाणीचे वेगळे आणि फौजदारीचे वेगळे. न्यूयॉर्कमध्ये तर ‘सुप्रीम कोर्ट’ हे विचारण न्यायालयाचे नाव आहे आणि सर्वांत वरचे ऑल्बनीतले न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणून ओळखले जाते. ही गंमत एकदा लक्षात ठेवली की वर्तमानपत्रातल्या बातम्यांचा अर्धा गोंधळ मिटतो.

मी मुख्यतः कॅलिफोर्निया धरून चालणार आहे. तिथली मधली न्यायालये १९०४च्या घटनादुरुस्तीने जन्मली. आज त्यांचे सहा जिल्हे आहेत: सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅक्रामेंटो, सॅन डिएगोसह दक्षिणेचा चौथा जिल्हा, फ्रेस्नो आणि सॅन होजे. न्यायमूर्ती शंभरावर असले तरी प्रत्येक अपील तिघांपुढेच चालते. सनीवेलच्या कुटुंबाचे अपील सॅन होजेला जाते, फ्रिमाँटच्या कुटुंबाचे सॅन फ्रान्सिस्कोला. मधल्या काही मैलांनी जिल्हा बदलतो. वर सात न्यायमूर्तींचे राज्याचे सर्वोच्च न्यायालय आहे.

अपिलात साक्षीदार येत नाहीत, नवा कागद दाखल होत नाही, ज्युरी नसते. खालच्या न्यायालयात जे घडले त्याची लेखी नोंद, म्हणजे कागदपत्रांचा संच आणि न्यायालयाच्या रिपोर्टरने शब्दशः टिपलेले तोंडी कामकाज, एवढेच अपिलाचे जग. त्या नोंदीत जे नाही ते घडलेच नाही असे धरतात. चूक झाली एवढे दाखवून भागत नाही; त्या चुकीने निकालावर परिणाम झाला, न्यायाचा विपर्यास झाला, हे दाखवावे लागते. ही अट खुद्द राज्यघटनेत आहे. घटस्फोटाच्या खटल्यात आपले म्हणणे न्यायाधीशांनी नीट ऐकले नाही, आता वर जाऊन सगळे पुन्हा सांगू, या आशेने अपील करणाऱ्याची इथेच निराशा होते.

आता युक्तिवादाकडे येऊ. आपली परंपरा बोलण्याची आहे. केशवानंद भारती खटला १३ न्यायमूर्तींसमोर ६८ दिवस चालला आणि त्यातले नानी पालखीवालांचे युक्तिवाद मुंबईच्या वकीलवर्गात अजून आठवले जातात. इंग्लंडकडून आपण घेतलेली ही रीत अमेरिकेलाही वारशानेच मिळाली होती. एकोणिसाव्या शतकात खटले वाढले, तशी लेखी ब्रीफ वर आली आणि बोलणे आखडत गेले. आज कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयात नियमाप्रमाणे प्रत्येक बाजूला ३० मिनिटे मिळतात आणि कित्येक पीठे त्याहूनही कमी वेळ ठरवून देतात. वेळ संपल्याचे दिवे लागतात. अपीलकर्ता आधी बोलतो आणि शेवटी उत्तरालाही त्यालाच संधी असते. पण या मिनिटांत भाषण करायला मिळते असे समजू नये. न्यायमूर्ती फाईल वाचून आलेले असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो.

प्रश्नांचे वळणही ठरलेले असते. हे नोंदीच्या कोणत्या पानावर आहे? हा आक्षेप खाली घेतला होता का? तुमचे म्हणणे मान्य केले तर उद्या अमुक प्रकारच्या खटल्यात काय होईल? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अपील न्यायालय एका कुटुंबाचे भांडण सोडवते आणि त्याच वेळी पुढच्या हजार कुटुंबांसाठी नियम लिहीत असते. स्वतःच्या अशिलाच्या पलीकडे न पाहिलेला वकील इथे अडखळतो. कल्पित उदाहरणाला ‘पण आमच्या प्रकरणात तसे घडलेले नाही’ असे उत्तर देणे ही नवशिक्याची खूण मानली जाते. ते तसे घडलेले नाही हे न्यायमूर्तींना ठाऊक असते. त्यांना नियमाची हद्द पाहायची असते. खरे कसब मात्र कबुलीत दिसते. कोणता मुद्दा सोडला तरी अपील उभे राहते हे ज्याला माहीत आहे, तो तो मुद्दा तिथल्या तिथे सोडतो आणि उरलेली मिनिटे वाचवतो.

मग मसुदा आधीच तयार असताना या अर्ध्या तासाचा उपयोग काय? हा प्रश्न तिथल्या वकिलांनाही छळतो. यावर रिव्हरसाइडच्या पीठाने वेगळी वाट काढली आहे. चौथ्या जिल्ह्याचा हा दुसरा विभाग आपला तात्पुरता निकाल युक्तिवादाआधीच दोन्ही पक्षांना पाठवतो. वकिलाला आपण कुठे हरतो आहोत ते दिसते आणि तो नेमक्या त्या परिच्छेदावर बोलतो. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. मसुदा असायचा आणि तो नाही असे दाखवायचे, यात कुणाचेच भले नाही.

पण तिथेही एक गफलत झाली. मसुद्यासोबत जाणाऱ्या सूचनेत, तोंडी युक्तिवादाने निर्णयाला काही मदत होणार नाही असे न्यायालयाला वाटते, तेच मुद्दे पुन्हा मांडणे खपवून घेतले जाणार नाही, अशा आशयाचा मजकूर होता आणि शिक्षेचाही इशारा होता. २००४ मध्ये पीपल विरुद्ध पेन्या या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना वापरणे बंद करायला सांगितले. हक्क द्यायचा आणि तो वापरू नये म्हणून दटावायचे, हे एकत्र चालत नाही. तात्पुरता निकाल पाठवण्याच्या प्रथेला मात्र धक्का लागला नाही.

युक्तिवादाचा हक्क आहे हे त्याआधी १९८२ मध्येच मोल्स प्रकरणात ठरले होते. तिथे युक्तिवाद ऐकला एका पीठाने आणि निकाल दिला त्यात तो न ऐकलेलेही न्यायमूर्ती होते. न्यायालय म्हणाले, ज्यांनी ऐकले त्यांनीच निर्णय द्यायचा. या हक्कालाही मर्यादा आहेत. १९९९च्या लुईस प्रकरणात रिट अर्जांच्या काही निर्णयांसाठी तोंडी सुनावणी आवश्यक नाही असे ठरले. इतर राज्ये याहून कंजूष आहेत. टेक्सासमध्ये युक्तिवाद हवा असेल तर ब्रीफच्या मुखपृष्ठावर तशी मागणी छापावी लागते आणि ती मान्य करायची की नाही हे न्यायालय ठरवते. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल करून घ्यावे की नाही यासाठी तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे फक्त अर्जदाराला १० मिनिटे मिळतात. विरुद्ध बाजूला तिथे बोलताच येत नाही. आपल्या उच्च न्यायालयांत ‘ॲडमिशन’च्या बोर्डावर उभा राहणारा वकील ही दहा मिनिटे लगेच ओळखेल.

न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सची रीत याच्या उलट आहे आणि माझ्या मते ती कॅलिफोर्नियापेक्षा जास्त विचार करायला लावते. कॅलिफोर्नियात निकाल कोण लिहिणार हे युक्तिवादाआधीच ठरलेले असते. ऑल्बनीत दिवसाचे युक्तिवाद संपल्यावर न्यायमूर्ती टेबलाभोवती जमतात आणि पालथ्या ठेवलेल्या कार्डांतून चिठ्ठी उचलावी तशी प्रकरणे उचलतात. ज्याच्या हाती जे कार्ड येईल ते प्रकरण त्याच्याकडे. आपल्यावर कोणते येईल हे माहीत नसल्यामुळे सातही जणांना सगळी प्रकरणे वाचून यावे लागते. कॅलिफोर्नियात एकाने खोल वाचलेले असते आणि इतर त्याच्या टिपणावरून वाचतात, असा आरोप होतो. तो प्रत्येक पीठाला लागू पडत नाही, पण रचनेचा कल तिकडे आहे एवढे खरे.

युक्तिवाद संपतो, पीठासीन न्यायमूर्ती ‘सबमिटेड’ म्हणतात आणि ९० दिवस सुरू होतात.

निकाल भर न्यायालयात वाचून दाखवत नाहीत. एका दिवशी तो लिपिकाच्या कार्यालयात दाखल होतो, त्याच दिवशी संकेतस्थळावर येतो आणि वकिलाला ई-मेल जाते. त्यात कारणे लिहिलेली असलीच पाहिजेत, ही कॅलिफोर्नियाच्या घटनेची आणखी एक अट. अशिलाच्या दृष्टीने इथे सगळे संपलेले असते; वकिलाला मात्र इथून दिवस मोजायचे असतात. समजा निकाल ३ मार्चला दाखल झाला. फेरसुनावणीचा अर्ज १८ मार्चपर्यंत, म्हणजे १५ दिवसांत. २ एप्रिलला, तिसाव्या दिवशी, अपील न्यायालयाच्या हातून निकाल सुटतो; त्यानंतर त्याला त्यात बदल करता येत नाही. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्यासाठी फक्त १० दिवस, १२ एप्रिलपर्यंत. यातही एक खाच आहे. दहावा दिवस सुटीचा असेल तर मुदत पुढे सरकते, पण तिसावा दिवस सुटीचा असला तरी निकाल त्याच दिवशी अंतिम होतो. तिसावा दिवस रविवारचा असेल आणि वकिलाने सोमवार धरला, तर पुढचे दहा दिवस चुकीच्या जागेवरून मोजले जातात.

फेरसुनावणीचा अर्ज हा आपल्या पुनर्विलोकनाच्या अर्जाचा चुलतभाऊ आहे आणि दोघांचे नशीबही सारखेच, बहुतेक वेळा नकार. न्यायालयाने ३० दिवसांत काहीच केले नाही तर तो आपोआप नाकारला गेला असे धरतात. मग करायचाच कशाला? याची दोन कारणे आहेत. एक असे की, कुणीही न मांडलेल्या मुद्द्यावर न्यायालयाने निकाल दिला आणि त्यावर लेखी म्हणणे मांडायची संधी दिली नसेल, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे वेळेत अर्ज करणाऱ्याला फेरसुनावणी द्यावीच लागते. दुसरे कारण अनुभवी वकील कधी विसरत नाहीत. सर्वोच्च न्यायालय खालच्या निकालात दिलेली हकीकत जशीच्या तशी धरून चालते. निकालात एखादी घटना चुकीची लिहिली गेली असेल किंवा महत्त्वाची गोष्ट गाळली असेल, तर ते फेरसुनावणीच्या अर्जात दाखवून दिलेले असले पाहिजे. नाहीतर वर जाऊन ‘हे तसे नव्हतेच’ असे म्हणायला जागा राहत नाही. अर्ज हरण्यासाठीच केलेला असतो, पण त्याच्यामुळे पुढची वाट मोकळी राहते.

सर्वोच्च न्यायालयाकडे जाणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: खालचा निकाल चुकला, हे तिथे कारण नव्हे. दोन अपील न्यायालयांत मतभेद असेल किंवा कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न सुटायचा असेल तरच ते प्रकरण घेते. ८,४०० शब्दांच्या मर्यादेत अर्जदाराला आपल्या दुःखापेक्षा राज्याची अडचण सांगावी लागते. बुधवारी न्यायमूर्तींची बैठक होते. सातांपैकी चौघे हो म्हणाले तर प्रकरण घेतले जाते. हे ठरवायला न्यायालयाला ६० दिवस असतात, मुदत वाढवली तर ९०. नकाराचा आदेश एका ओळीचा असतो, कारण देत नाहीत. या नकाराचा अर्थ खालच्या निकालाला संमती असा होत नाही, पण हरलेल्याला तो फरक सांगून समजवणे अवघड जाते.

तीनपैकी एका न्यायमूर्तीने भिन्नमत लिहिले असेल तर? इथे राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. न्यू जर्सीत मधल्या न्यायालयात एक भिन्नमत पडले की त्या मुद्द्यापुरते वर जाण्याचा हक्क मिळतो. न्यूयॉर्कमध्ये दोन न्यायमूर्ती कायद्याच्या प्रश्नावर अपीलकर्त्याच्या बाजूने असहमत असावे लागतात. उत्तर कॅरोलिनात असा हक्क होता. विधिमंडळाने तो २०२३ मध्ये काढून टाकला. कॅलिफोर्नियात भिन्नमताने कुठलाही हक्क मिळत नाही. अर्जाचे वजन वाढते, एवढेच.

आता सर्वांत विलक्षण भाग. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयांचे दर दहातले सुमारे नऊ निकाल ‘अप्रकाशित’ असतात. ते गुप्त नसतात, संकेतस्थळावर कुणीही वाचू शकतो. मात्र दुसऱ्या खटल्यात त्यांचा दाखला देता येत नाही. दिला तर वकिलाला कानपिचक्या मिळतात. नवा नियम घालून देणारा, मतभेद दाखवणारा किंवा लोकहिताचा मुद्दा असलेला निकालच प्रकाशनाला पात्र होतो. निकाल दाखल झाल्यापासून २० दिवसांत कुणीही, खटल्याशी संबंध नसलेली व्यक्तीही, तो प्रकाशित करावा अशी विनंती करू शकते. याच्या उलटही घडते. सर्वोच्च न्यायालय प्रकरण न घेता, कारण न देता, प्रकाशित निकाल अप्रकाशित करू शकते. पक्षकारांपुरता निकाल तसाच राहतो. जिंकलेला जिंकलेलाच, पण नियम म्हणून त्याचे अस्तित्व संपते. पूर्वी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतले की खालचा निकाल आपोआप बाद होत असे. जुलै २०१६पासून तसे होत नाही. दाखल्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत दहातले नऊ निकाल दाखल्याबाहेर ठेवण्याचे समर्थन कामाच्या बोजाने केले जाते. ते मला पुरेसे वाटत नाही. तुमच्या-माझ्यासारखाच प्रश्न असलेल्या माणसाला काय उत्तर मिळाले हे डोळ्यांनी दिसत असताना न्यायालयात त्याचा उच्चार करता येऊ नये, हे पटवून घेणे कठीण आहे.

फ्लोरिडा एक पाऊल पुढे आहे. तिथले जिल्हा अपील न्यायालय पुष्कळ प्रकरणांत कारण न देता ‘अफर्म्ड’ असा एक शब्द लिहून अपील निकाली काढते. १९८०च्या घटनादुरुस्तीनंतर त्याच वर्षी जेन्किन्स प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशा एकशब्दी निकालावर आपल्याला अधिकारच नाही, कारण दुसऱ्या निकालाशी विरोध मजकुरात स्पष्ट दिसला पाहिजे आणि इथे मजकूरच नाही. हरलेला १५ दिवसांत लेखी कारणे मागू शकतो. ती द्यायची की नाही हे पुन्हा त्याच न्यायालयाच्या मर्जीवर. मजकूर नसला की वरची वाट बंद होते, याचे याहून उघडेनागडे उदाहरण मला सापडलेले नाही.

राज्यातली वाट संपली आणि प्रकरणात संघराज्याच्या कायद्याचा वा घटनेचा प्रश्न असला, तर वॉशिंग्टनकडे ९० दिवसांत अर्ज करता येतो. राज्यातल्या ज्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जाता येणे शक्य होते तिथला निर्णय त्यासाठी लागतो. ‘जाता येणे शक्य होते’ या शब्दांनी १९६०मध्ये एक चमत्कार घडवला. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये सॅम थॉम्प्सन नावाचा माणूस बसची वाट पाहत एका कॅफेत संगीताच्या तालावर पाय हलवत होता. पोलिसांनी त्याला पकडले आणि दोन आरोपांत प्रत्येकी १० डॉलर दंड झाला. एवढ्या लहान दंडावर केंटकीत अपीलच नव्हते. त्यामुळे शहराचे पोलीस न्यायालय हेच त्याच्यासाठी राज्यातले सर्वोच्च न्यायालय ठरले आणि खटला तिथून थेट वॉशिंग्टनला गेला. तिथे एकमताने निकाल लागला: पुराव्याचा लवलेश नसताना दोषी ठरवणे घटनाबाह्य आहे. दंड मोठा असता तर हाच खटला केंटकीच्या पायऱ्या चढत बसला असता.

निकालानंतरचा शेवटचा कागद म्हणजे रेमिटिटर. अपील न्यायालयाच्या लिपिकाकडून तो खाली जातो आणि तो पोचेपर्यंत विचारण न्यायालयाला त्या प्रकरणात निकालाप्रमाणे पाऊल टाकता येत नाही. कुणीच वर गेले नाही तरी तो लगेच निघत नाही, कारण निकाल अंतिम झाल्यापासून आणखी ३० दिवस सर्वोच्च न्यायालय स्वतःहून प्रकरण घेऊ शकते. म्हणजे दाखल झाल्यापासून दोन महिने जातात. अपील जिंकून आलेल्याला हे दोन महिने फार लांब वाटतात. रेमिटिटर निघाल्यावर खर्चाचा हिशेब ४० दिवसांत मागायचा असतो. नव्या सुनावणीसाठी पूर्वीचाच न्यायाधीश नेमला गेला, तर ज्याने अपील केले त्याला ६० दिवसांत, कारण न देता, तो बदलून मागता येतो. हा हक्क पुष्कळांना माहीत नसतो. ज्याच्या निकालात चूक दाखवून दिली त्याच्याच समोर पुन्हा उभे राहण्याची पाळी येऊ नये, एवढा व्यवहार कायद्याने ओळखला आहे.

शेवटी भारतातून गेलेल्या वाचकासाठी एक सावधगिरी. आपण ‘पुरेसे कारण’ दाखवून विलंब माफ करून घेण्याच्या जगात वाढलो. आजारपण, गावी जाणे, वकिलाची चूक, यांवर आपल्याकडे न्यायालये पुष्कळदा सौम्य होतात. कॅलिफोर्नियात निकाल नोंदल्याची नोटीस बजावली गेल्यापासून अपिलाची सूचना दाखल करायला ६० दिवस असतात आणि नियमात दिलेल्या ठराविक वाढी सोडल्या तर ती मुदत वाढवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. न्यायाधीशाची इच्छा असली तरी नाही. वरच्या न्यायालयाकडे जायच्या दहा दिवसांत उशीर झाला तर मुख्य न्यायमूर्ती क्वचित सवलत देतात, तीही सर्वोच्च न्यायालयाचा स्वतःहून प्रकरण घेण्याचा कालावधी संपण्याआधीच. रिटचा अर्ज एका ओळीत नाकारला गेला तर ३० दिवसांची वाटही पाहायची नसते. तो निर्णय तिथल्या तिथे अंतिम होतो आणि दहा दिवस त्याच क्षणापासून धावतात.

पुढची प्रकरणे वकिलाची जागा घेणार नाहीत. नियम बदलतात आणि राज्य बदलले की तारखाही बदलतात. तुमच्या घरातल्या कुणाचा निकाल याच आठवड्यात लागला असेल, तर हे पुस्तक मिटून ठेवा, निकालपत्राच्या पहिल्या पानावरची दाखल झाल्याची तारीख कागदावर लिहा आणि त्या राज्यातल्या अपिलाच्या वकिलाला आजच फोन करा. वाचन नंतरही होईल.